न उमटलेले वलय

स्थलांतराचा इतिहास चित्रात मांडायचा म्हटले की निसर्गातल्या आकारांचा मोह पहिल्याच बैठकीत पडतो. कुणी नदी सुचवते, कुणी पक्ष्यांचे थवे, कुणी वडाच्या पारंब्या. लखनौत तर चिकनकारीचा अख्खा खजिना हाताशी असतो. केरी, वेल, बुट्टी, तांदळाच्या दाण्यासारखी मुर्री. भिंतीवर एक वेल चढवावी, पानापानावर जिल्ह्यांची नावे लिहावीत, की काम झाले असे वाटते. या शहरात माहितीचित्रे करताना माझे मत मात्र उलट दिशेने पक्के होत गेले आहे. निसर्गाचा नुसता आकार उचलला तर चित्र देखणे होते आणि इतिहास सैल पडतो. आकार घ्यायचा तर त्यामागची शिस्तही घ्यायला हवी. तो आकार कसा घडतो, कुठे फसवतो आणि त्याचा अभ्यास करणारे ही फसगत कशी पकडतात, हे सगळे त्याच्याबरोबर यायला हवे. चिकनच्या वेलीत एक पान जास्त झाले तर काही बिघडत नाही, उलट कारागिराचा हात दिसतो. आकड्यांच्या चित्रात एक पान जास्त झाले तर कुठल्या तरी गावातली माणसे नसताना असल्याची नोंद होते.

या प्रकारातले सर्वांत गाजलेले काम अमेरिकेतले आहे. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातले पेद्रो क्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ च्या सुमारास अमेरिकेत आलेल्या लोकांचा इतिहास झाडाच्या खोडाच्या छेदासारखा रेखाटला. एक वलय म्हणजे एक दशक, एक पेशी म्हणजे शंभर माणसे, आणि माणसे जगाच्या ज्या भागातून आली त्या बाजूला पेशी जास्त साठतात. एकोणिसाव्या शतकात खोड युरोपच्या बाजूला फुगते. १८८२ चा चिनी लोकांना मज्जाव करणारा कायदा आशियाची बाजू रोखतो, आणि १९२४ च्या कोट्याच्या कायद्यानंतर वलये आक्रसतात. १९६५ च्या कायद्यानंतर लॅटिन अमेरिका आणि आशिया यांच्या बाजू भरू लागतात. ही कल्पना मला मनापासून आवडते, कारण तिच्यात एक ठाम विधान आहे. आधी आलेले आणि नंतर आलेले एकाच लाकडाचे आहेत आणि आतले वलय बाहेरच्या वलयाला परके म्हणू शकत नाही, असे ते चित्र सांगते. स्थलांतरितांवरून भांडण पेटलेल्या देशात हे सांगण्याची गरज होती.

पण आपण ते झाड जसेच्या तसे इथे आणून लावू शकतो का? हा प्रश्न लखनौत विचारण्याला एक खास कारण आहे. झाडांची वलये वाचण्याचे भारतातले एक महत्त्वाचे केंद्र याच शहरात आहे. बीरबल साहनी यांनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या आणि आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुराविज्ञान संस्थेच्या इमारतीची कोनशिला एप्रिल १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी बसवली. त्यानंतर आठवडाभरातच साहनी वारले, पण संस्था वाढली. जीवाश्म आणि परागकण यांच्याबरोबर हिमालयातल्या देवदारांची वलयेही तिथे अभ्यासली जातात. महाराष्ट्रातली या विषयाची जागा म्हणजे पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. केरळातल्या सागाच्या वलयांवरून तिथल्या संशोधकांनी १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका उभी केली आणि एल निनोच्या, कमी पावसाच्या वर्षांच्या खुणा तीत वाचल्या.

ही वलये वाचतात कशी, हे जवळून पाहण्यासारखे आहे. झाड तोडत नाहीत. पोकळ गिरमिटाने खोडात सालीपासून गाभ्यापर्यंत भोक पाडून पाचेक मिलिमीटर जाडीची लाकडाची कांडी बाहेर काढतात. ती खाच पाडलेल्या पट्टीत चिकटवतात आणि आधी जाड, मग बारीक, मग आणखी बारीक पॉलिशपेपरने घासत जातात. साग असेल तर भिंगाखाली वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला तयार झालेल्या मोठ्या नळ्यांची रांग स्पष्ट दिसते. त्यानंतर नळ्या लहान आणि विरळ होत जातात, वाढ थांबते, आणि पुढच्या रांगेपाशी नवे वर्ष सुरू होते. आपल्याकडच्या सगळ्याच झाडांत हे दिसत नाही. आंब्यात किंवा वडात अशी भरवशाची वार्षिक रेघ मिळत नाही. सागात मिळते, कारण तो कोरड्या ऋतूत पाने टाकून थांबतो. म्हणून भारतीय स्थलांतराचे झाड काढायचे तर मी सागच घेते. त्यातून तो आलापल्लीच्या रानाचा, म्हणजे मराठी वाचकाला सांगून समजवावा लागत नाही असा.

मात्र वलये नुसती मोजून वर्ष ठरवत नाहीत. ॲरिझोनात ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने या शास्त्राचा पाया घातला आणि १९२९ मध्ये जुन्या प्यूब्लो वस्त्यांतल्या तुळयांची वर्षे सांगितली, ती एका लाकडावरून नव्हे. एका झाडाच्या रुंद-अरुंद वलयांचा क्रम दुसऱ्याशी, दुसऱ्याचा तिसऱ्याशी जुळवत ते मागे गेले. जुळवणी लागतेच, कारण झाड चुकीची नोंद ठेवते. फार वाईट वर्षी खोडाच्या एखाद्या बाजूला वलय उमटतच नाही. झाड जगलेले असते, नोंद नसते. उलट हंगामाच्या मध्येच पाऊस ओढ देऊन पुन्हा आला तर एका वर्षात दोन रेघा पडतात. खोट्या रेघेची कड दोन्ही बाजूंनी हळूहळू विरते, खरी कड एका बाजूने एकदम तुटते. अनुभवी नजर हे ओळखते, आणि तरीही शेजारच्या झाडाशी ताडून पाहते.

माझ्या मते आपण उचलायचे ते हेच. भारतातल्या स्थलांतराचे लाकूड म्हणजे जनगणना. तिच्यात उमटलेलीच नाहीत अशी वलये आहेत. १९४१ ची गणना झाली, पण युद्धामुळे तिची कोष्टके फारच अपुरी निघाली. म्हणजे फाळणीच्या आधीची, जिच्याशी १९५१ ची तुलना करायची तीच कड पुसट आहे. १९५१ मध्ये सुमारे ७३ लाख विस्थापित भारतात मोजले गेले. ते कुठल्या पायावर वाढले हे दाखवायला मागचे वलय धड नाही. २०२१ ची जनगणना तर झालीच नाही, पुढची २०२७ साठी जाहीर झाली आहे. ग्राफिक करणारा इथे २०११ आणि २०२७ या दोन टोकांमध्ये रेघ ओढून मोकळा होतो, आणि ती गुळगुळीत रेघ पाहणाऱ्याला वाटते की मधल्या सोळा वर्षांत काही विशेष घडले नाही. वलयशास्त्राची पद्धत अशी की जागा रिकामी ठेवायची, वर्ष लिहायचे, आणि इथे वलय नाही हे स्पष्ट दाखवायचे.

खोट्या वलयांचे उदाहरण लखनौतच आहे. या शहरात कुमाऊँ-गढवालच्या लोकांची मोठी, जुनी वस्ती आहे. अल्मोड्यात जन्मलेला आणि लखनौत नोकरी करणारा माणूस १९९१ च्या गणनेत राज्याच्या आतच हललेला होता. नोव्हेंबर २००० मध्ये उत्तराखंड वेगळे झाले आणि २००१ मध्ये तोच माणूस, त्याच घरात बसून, दुसऱ्या राज्यातून आलेला ठरला. आलेखात एका दशकात परराज्यातल्या लोकांची संख्या वाढलेली दिसते आणि हललेले कुणीच नसते. लाहोरात जन्मून फाळणीपूर्वीच लखनौत स्थायिक झालेल्यांचेही तसेच. एका रात्रीत त्यांचे जन्मस्थान परदेशात गेले. अशा रेघेचा रंग मी वेगळा ठेवते आणि ती सीमेमुळे पडली हे तिच्या शेजारीच लिहिते. तळटीपेत टाकले तर ती कुणी वाचत नाही.

यापुढची अडचण मात्र झाडाच्या स्वभावातच आहे. झाडाचे लाकूड फक्त वाढते. एकदा साठलेली पेशी बाहेर जात नाही. अमेरिकेसारख्या, येऊन राहणाऱ्यांच्या देशाला हे बऱ्याच अंशी चालून जाते. लखनौभोवतीच्या अवधला चालत नाही. हा प्रदेश माणसे घेत आणि देत आला आहे. १७३९ ची नादिरशहाची लूट आणि पुढे अब्दालीच्या स्वाऱ्या यांनी दिल्ली उजाड होत गेली. आसफउद्दौलाने १७७५ मध्ये फैजाबादहून राजधानी लखनौला आणली, आणि १७८२ मध्ये मीर तकी मीरही दिल्ली सोडून इथे आले. १८५६ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केल्यावर वाजिद अली शहाबरोबर गवई, स्वयंपाकी, कारागीर कलकत्त्याच्या मटियाबुर्जला गेले. १८३४ पासून १९१७ पर्यंत बारा लाखांच्या आसपास भारतीय करारावर मॉरिशस, त्रिनिदाद, गयाना, सुरिनाम, फिजीकडे नेले गेले. त्यांत अवध आणि भोजपुरी पट्ट्यातल्या लोकांचा वाटा फार मोठा होता. इतिहासकार ब्रिज लाल यांनी फिजीला गेलेल्या उत्तर भारतीयांचे ४५,४३९ परवाने तपासून कोण कुठल्या जिल्ह्यातले याचा हिशेब मांडला, आणि त्यात बस्ती जिल्हा सर्वांत वर आला.

इथे एका मराठी माणसाची गोष्ट या सगळ्या रेखाटनाची कसोटी घेते. श्रीधर बळवंत जोधपूरकर हे ग्वाल्हेर संस्थानातल्या महाराष्ट्रीय ब्राह्मण घरातले. मजूरभरती करणारे ब्राह्मणांना घेत नसत, म्हणून जात लपवून, नाव बदलून ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला करारावर फिजीला गेले. १९१६ मध्ये परतले, फैजाबादच्या बाजूला राहिले, आणि १९२० मध्ये अवध किसान सभेचे पुढारी म्हणून बाबा रामचंद्र या नावाने इतिहासात गेले. आता यांची पेशी कुठे ठेवायची? परवान्यावरच्या जातीवरून रंग दिला तर तो चुकीचा. फिजीच्या खोडात त्यांना कायमचे बसवले तर अवधच्या शेतकऱ्यांचा पुढारी कुठून आला ते कळत नाही. अवधच्या खोडात ग्वाल्हेरच्या बाजूने घातले तर मधली बारा-एक वर्षे, ज्यांनी त्यांना घडवले, ती गळतात. एका माणसाचे असे होते, तेव्हा लाखोंचे किती होत असेल ते दिसते. जन्मस्थानाच्या कोष्टकात तर तीस वर्षे मुंबईत टॅक्सी चालवून प्रतापगढला परतलेला म्हातारा कधी हललाच नाही असा नोंदला जातो. १९७१ पासून जनगणना मागचे वास्तव्यही विचारते, तेव्हा तो निदान मुंबईहून आलेला दिसतो. पण आधी इथूनच गेला होता हे त्या एका रकान्यातून समजत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की आपल्या स्थलांतराला एक झाड पुरत नाही. डग्लसची जुळवणी इथे कामाला येते. दोन खोडांच्या कांड्या शेजारी ठेवाव्यात, जिथून माणसे गेली तिथली आणि जिथे पोचली तिथली, आणि वर्षाला वर्ष जुळवावे. बस्तीची एक, फिजीची एक. १८७९ मध्ये पहिले जहाज फिजीला लागले, १९१६ मध्ये शेवटचे, आणि मधल्या काळात १८९६-९७ आणि १९०७-०८ हे संयुक्त प्रांतातले दुष्काळ. दोन्ही कांड्यांवर ती वर्षे समोरासमोर आली की कारण आणि परिणाम एका नजरेत येतात. हे करताना एक गोष्ट समजते जी एकेरी झाडात कधीच समजली नसती. १९०१ मध्ये बस्ती जिल्ह्याची वस्ती सुमारे अठरा लाख होती. त्यातून काही हजार गेले तर इथल्या वलयाची जाडी डोळ्याला जाणवेल इतकी कमी होत नाही. तिकडे साठ हजारांवर माणसांनी एक नवा समाज उभा राहिला. एका लाकडातली पुसट रेघ दुसऱ्या लाकडाचा गाभा होते. दोन्ही कांड्या एकाच प्रमाणात काढायच्या की प्रत्येकीचे प्रमाण वेगळे ठेवायचे, यावर वाद होतो. माझा कौल एकाच प्रमाणाला आहे. इथे फरक पडला नाही असे दिसणे हेही सत्यच आहे, आणि जमीनदार आणि सरकार यांना ही माणसे गेल्याचे इतके कमी का वाटले, ते त्यातूनच कळते.

पेशीचा हिशेबही मर्यादा घालतो. शंभर माणसांना एक पेशी म्हटले, तर विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये लखनौत उभे केलेले मॅरिस कॉलेज आणि तिथे अनेक वर्षे प्राचार्य राहिलेले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्या निमित्ताने आलेली मराठी गवयांची मंडळी एक पेशीही भरत नाहीत. उत्तर हिंदुस्थानातले संगीतशिक्षण त्यांनी बदलले तरीही. प्रभाव मोजायला हे चित्र नाही, हे मान्य करून ती गोष्ट शब्दांत सांगावी. पेशी मोठी करून दाखवणे ही लबाडी होईल.

या सगळ्यावर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला पटतो. निसर्गाच्या भाषेत स्थलांतर मांडले की माणसांचे निर्णय आणि सत्तेचे जुलूम दोन्ही नाहीसे होतात. मुंबईच्या राजकारणात उत्तर भारतीयांचे लोंढे म्हटले जाते तेव्हा समोर माणूस उरत नाही, पाणी उरते, आणि पाण्याला बांध घालण्यात कुणाला गैर वाटत नाही. झाडाचे चित्र लोंढ्याहून दयाळू आहे, पण जे कायद्याने, उपासमारीने, फसवणुकीने घडले ते आपोआप वाढल्यासारखे तेही दाखवते. अमेरिकेच्या जनगणनेत १८५० पूर्वी जन्मस्थान विचारलेच जात नव्हते. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांची नोंद वेगळ्या यादीत, मालकाच्या नावाखाली, बहुधा नावाविना झाली. त्यांचे जन्मस्थान नाहीच. अशा कागदांवर कुठलेही झाड उभे करा, साखळदंडात आणलेली माणसे त्यात इतर पेशींसारखी मऊ वाढीची होतात किंवा होतच नाहीत. यावर माझे उत्तर शास्त्राकडूनच येते. वलय वाचणारा अरुंद वलयापाशी थांबून कारण विचारतो. दुष्काळ, कीड, वणवा. वणव्याचा डाग खोडात वेगळा दिसतो आणि त्याचे वर्ष ठरवतात. तसा डाग आपणही दाखवलाच पाहिजे. १८८२, १९२४, १९४७ ही वर्षे वलयाच्या बारीकपणावर सोडून चालत नाही. त्यांची जखम वेगळ्या रेषेने, कायद्याच्या किंवा घटनेच्या नावासह यायला हवी. ते केले नाही तर आक्षेप घेणारे बरोबर आणि आम्ही चूक.

दुसरा आक्षेप नेमकेपणाचा. माणसाची नजर लांबी चांगली ताडते, क्षेत्रफळ वाईट. साधे स्तंभालेख अधिक खरे. हे क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगाने दाखवले आहे. त्यात वर्तुळाची अडचण आणखी आहे: बाहेरच्या वलयाचा घेर मोठा, म्हणून तितक्याच पेशी तिथे पातळ पसरतात आणि अलीकडचे दशक कमी वाटते. वनशास्त्रज्ञांना हे जुनेच ठाऊक आहे. म्हणूनच झाडाची वाढ मोजताना ते नुसत्या जाडीवर न थांबता खोडाच्या छेदाचे क्षेत्रफळ किती वाढले ते काढतात. आपणही वर्तुळाखाली तेच आकडे सरळ स्तंभांत द्यावेत. दोन्ही असण्यात कमीपणा नाही. नदीचे पट्टे घेऊनही स्थलांतर मांडता येते. फ्रान्सच्या शार्ल मिनारने १८५८ सालच्या जगभरच्या स्थलांतरितांचा नकाशा तसाच, जाड-बारीक प्रवाहांनी काढला होता, आणि १८८५ मध्ये रॅव्हनस्टाईनने प्रत्येक मोठ्या प्रवाहामागे एक उलटा प्रवाह असतो हा नियम मांडला. परतणाऱ्यांसाठी नदी झाडाहून बरी. कोविडच्या टाळेबंदीत, मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात, नाशिकहून निघालेली श्रमिक विशेष गाडी लखनौच्या चारबाग स्थानकात आली, आणि सरकारी आकड्यांप्रमाणे त्या काळात ३२ लाखांहून अधिक कामगार उत्तर प्रदेशात परतले. त्यांतले बरेच पुन्हा गेले. दहा वर्षांच्या वलयात, तेही न झालेल्या जनगणनेच्या, हा उलटा प्रवाह कुठेच बसत नाही. तो महिन्यांच्या मापाने, दोन खोडांच्या मधल्या मोकळ्या जागेत काढावा लागतो.

राहिला तो भाग जो बहुतेक चित्रे गाळतात. २०११ मध्ये मागच्या वास्तव्यावरून मोजलेले स्थलांतरित ४५ कोटींच्या आसपास होते. त्यांतल्या जवळपास निम्म्यांचे कारण लग्न, आणि त्या जवळजवळ सगळ्या बायका. हा आकडा घेतला तर मजुरीसाठी मुंबई-सुरतला जाणारे पुरुष चित्रात बारीक पडतात, म्हणून लग्नाचे स्थलांतर ‘वगळून’ चित्र काढायची पद्धत पडली आहे. ती मला मान्य नाही. सागाची कांडी पाहताना नजर आधी मोठ्या नळ्यांवर जाते, पण लाकडाचा मोठा भाग आणि त्याचा भार पेलणारा भाग तंतूंचा असतो. त्यामुळे आपल्या वलयात कामासाठी गेलेले नळ्यांच्या जागी आणि लग्नाने गेलेल्या तंतूंच्या जागी दाखवता येतात, दोघांचे प्रमाण न बदलता. त्यातही एक प्रश्न उरतो. मलिहाबादकडच्या किंवा काकोरीच्या गावात लग्न होऊन आलेली बाई पुढे दिवसभर चिकनकाम करते, मजुरी मिळवते, घर चालवते; कोष्टकात तिचे कारण लग्न एवढेच राहते, कारण विचारले जाते ते येतानाचे. तिची पेशी दोन रंगांत रंगवावी असे सुचवले जाते. मी तसे करत नाही, कारण दुसऱ्या रंगाचा जिल्हावार आकडा या कोष्टकांत नाही आणि अंदाजाने रंग भरणे म्हणजे खोटे वलय काढणे. २०२७ च्या प्रश्नावलीत येण्याचे कारण आणि आल्यानंतरचे काम यांची सांगड घालणारी कोष्टके जिल्ह्यापर्यंत प्रसिद्ध झाली, तर तो रंग भरता येईल. आणि ती मागणी माहितीचित्रे करणाऱ्यांनी आत्ताच, गणना सुरू होण्याआधी करायला हवी.